दिव्याचा रंग आणि दुसऱ्याचा डोळा

कार्तिक मास लागला की आपल्या देवालयाच्या प्रांगणातील दीपमाळ घासूनपुसून स्वच्छ केली जाते, तेलवातीची तयारी होते आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या सायंकाळी ती तेजाळली म्हणजे लहानथोरांचे हात आपोआप जोडले जातात. या मासाच्या अंकात दिव्याविषयी चार शब्द लिहावेत, असा आमचा परिपाठ आहे. यंदाही आम्ही दिव्याविषयीच लिहिणार आहोत; परंतु तो दिवा गाभाऱ्यातील नंदादीप नव्हे, की तुळशीपुढील पणतीही नव्हे. मोटारीच्या तोंडाशी असलेले मोठे दिवे, त्यांच्याखाली धुक्यासाठी बसविलेले फॉगलॅम्प, आणि या दिव्यांना हौसेने दिले जाणारे निळे, पिवळे, जांभळे व काळपट रंग, हा आमच्या आजच्या चिंतनाचा विषय आहे.

देवालयाच्या पत्रिकेत मोटारीच्या दिव्यांची चर्चा कशाला, असे कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस आमचे उत्तर असे की, विजयादशमीच्या दिवशी याच प्रांगणात सभासदांच्या गाड्या ओळीने उभ्या राहतात. आपण त्यांस हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ज्या वस्तूची आपण पूजा करतो, तिच्या वर्तनाचा विचार करणेही आपल्याकडे येतेच. शस्त्राची पूजा करणाऱ्याने शस्त्र कोणावर उचलावे याचा विचार करावा, तसाच वाहनाची पूजा करणाऱ्याने ते वाहन रस्त्यावर इतरांशी कसे वागते, याचाही विचार करावयास हवा.

गेल्या दसऱ्यास कुंकू लावताना आमच्या ध्यानात आले की, पुष्कळ गाड्यांचे दिवे कारखान्यातून आले तसे राहिलेले नाहीत. कोणाच्या काचेवर पिवळी फिल्म चिकटविलेली, कोणी निळ्या झाकेचे बल्ब घातलेले, तर कोणी मागच्या दिव्यांवर धुरकट काळा थर असा चढविलेला की, तेथे दिवा आहे हे हात लावल्यावाचून कळू नये. एका तरुण सभासदास आम्ही सहज विचारले, तेव्हा तो आदबीने परंतु ठामपणे म्हणाला, “काका, गाडी आमची, दिवेही आमच्याच पैशांचे. शोभेसाठी त्यांना रंग दिला, तर त्यात पाप ते काय?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. आपल्या मालकीच्या वस्तूस आपल्या आवडीप्रमाणे नटविण्याचा अधिकार माणसास आहे की नाही, हा जुनाच नैतिक प्रश्न त्याने नव्या भाषेत विचारला होता. त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन हे त्या उत्तराचा प्रयत्न होय.

प्रथम रंग दिल्याने दिव्याचे काय होते, ते पाहू. रंगीत काच किंवा फिल्म प्रकाशात कशाचीही भर घालीत नाही. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग एकत्र नांदत असतात. रंगीत पडदा त्यांतील काही अडवितो आणि उरलेले पुढे जाऊ देतो. पिवळी फिल्म निळा भाग अडविते. निळ्या झाकेचा बल्ब पिवळा व तांबडा भाग अडवितो. साध्या हॅलोजन बल्बच्या तापलेल्या तारेतून निळा प्रकाश मुळातच थोडा आणि पिवळा-तांबडा पुष्कळ निघतो. अर्थात त्याला निळी झाक दिली म्हणजे जे विपुल आहे तेच अडविले जाते, आणि तितकीच वीज घेऊन रस्त्यावर उजेड कमी पडतो. असे असूनही समोरून येणाऱ्यास तो दिवा अधिक प्रखर भासतो. कारण निळसर प्रकाश मनुष्याच्या डोळ्यास अधिक टोचतो. सारांश, असा दिवा दिसतो अधिक आणि दाखवितो कमी.

कित्येक जण झाक देऊन थांबत नाहीत. नेहमीचा बल्ब साधारणपणे ६०/५५ वॅटचा असतो. त्या जागी शंभर किंवा त्याहून अधिक वॅटचा बल्ब घातला जातो, अथवा हॅलोजनसाठी घडविलेल्या दिव्यात झेनॉन किंवा एलईडीचा बल्ब बसविला जातो. दिव्यामागील चकचकीत परावर्तक हा तारेच्या नेमक्या जागेचा हिशेब करून घडविलेला असतो. प्रकाशाचा उगम त्या जागेवरून हलला, किंवा त्याचा आकार बदलला, की किरण खाली रस्त्यावर जाण्याऐवजी वर आणि आजूबाजूस फाकतात. वर जाणारा किरण रस्ता उजळीत नाही. तो समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो.

धुक्याच्या दिव्याविषयीचा एक समजही येथे तपासून घ्यावा. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, असे सर्रास मानले जाते. आकाश निळे का दिसते, याचे कारण शाळेत शिकलेले असते. हवेचे सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून धुक्यातही तसेच होत असावे, असा तर्क केला जातो. परंतु धुके म्हणजे पाण्याचे थेंब, आणि हे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा अनेक पटींनी मोठे असतात. एवढ्या मोठ्या थेंबांपुढे निळा काय नि पिवळा काय, दोघांचीही गत जवळजवळ सारखीच होते. फॉगलॅम्प उपयोगी पडतो तो रंगाने नव्हे, तर जागेने व आकाराने. तो खाली बसविलेला असतो, त्याचा झोत रुंद व चपटा असतो आणि त्याची वरची कड स्पष्ट कापलेली असते. म्हणून चालकाच्या डोळ्यांसमोरील धुके उजळून पांढऱ्या भिंतीसारखे उभे राहत नाही, आणि रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात श्रावणातल्या धुक्यात ज्याने मोठा झोत लावून पाहिला असेल, त्यास ही पांढरी भिंत ठाऊकच असेल. पिवळ्या रंगाचा गुण असलाच तर एवढाच की, निळा भाग गाळल्यामुळे तो डोळ्यास सौम्य वाटतो.

हा सौम्यपणा मोलाचा मानून एका राष्ट्राने त्याचा कायदाच केला होता. फ्रान्समध्ये १९३६ साली तसा निर्णय झाला आणि १९३७ पासून तेथील नव्या मोटारींचे पुढचे दिवे पिवळे असावेत अशी सक्ती आली. समोरून येणाऱ्याचे डोळे कमी दिपावेत, हा त्यातील एक मुख्य विचार होता. जवळजवळ अर्ध्या शतकाहून अधिक काळ फ्रान्सच्या रस्त्यांवर पिवळ्या दिव्यांचे राज्य होते. युरोपातील राष्ट्रांचे नियम एकसारखे करण्यात आले तेव्हा, १९९३ साली, नव्या वाहनांवरील ही सक्ती उठली. पिवळ्या रंगाने दिपणे कितपत कमी होते, यावर मतभेद झाले; पण आपल्याला येथे वेगळीच गोष्ट पाहावयाची आहे. दिव्याचा रंग कोणता असावा हे ठरविताना, त्या दिव्याच्या धन्याचा नव्हे तर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचा डोळा तेथे प्रमाण धरला गेला.

आपल्या देशातही दिवे रंगविण्याचा प्रसंग आला होता. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या वेळी शत्रूच्या विमानांस वस्ती दिसू नये म्हणून अनेक शहरांत ब्लॅकआउट पाळला जाई. घरांच्या खिडक्यांस काळे कागद लागत आणि मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग काळ्या रंगाने झाकला जाई. आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्या मंडळींस ते दिवस आठवत असतील. पुढे शांततेच्या काळातही, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून ट्रक व बसगाड्यांच्या दिव्यांवर मध्यभागी काळा ठिपका देण्याची रीत अनेक ठिकाणी होती. ट्रकच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती रंगविलेली आपण सर्वांनीच वाचली आहे. त्या काळ्या रंगात शोभा काहीच नव्हती. दिवा थोडा मंद होत होता. तरीही तो रंग लावणाऱ्यास कोणी दोष दिला नाही.

यावरून असे म्हणण्याचा मोह होतो की, रंग लावण्याच्या कृतीत पाप वा पुण्य नाही. ते हेतूत आहे. रंग दुसऱ्याच्या हितासाठी असेल तर तो चांगला, आणि स्वतःच्या मिरवणुकीसाठी असेल तर वाईट. आम्हीही बरेच दिवस असेच मानीत होतो. परंतु दोन वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगाने आमचे हे सोपे समाधान मोडून टाकले. तो प्रसंग आमच्याच संस्थेचा आहे. आणि दोषही आमचाच आहे, म्हणून तो लपविण्याचे कारण नाही.

संस्थेच्या जीपला एका श्रद्धाळू सभासदाने दोन जादा दिवे भेट दिले. निळसर पांढरे, अत्यंत तेजस्वी. घाटातून देवकार्यासाठी जाणाऱ्या मंडळींस रस्ता नीट दिसावा, एवढाच त्यांचा हेतू होता, आणि त्यात मिरवण्याचा लवलेशही नव्हता. आम्ही नारळ फोडून ते दिवे स्वीकारले, टाळ्या वाजविल्या आणि याच पत्रिकेत आभार छापले. काही दिवसांनी चालकाने सांगितले की, समोरचे लोक सारखे डिपर मारतात, शिव्याही देतात. “देणगीदाराचे मन कसे मोडावे?” असे म्हणून आम्ही त्याचे बोलणे बाजूस सारले.

श्रावणातल्या एका सोमवारी मंगेशीस जाण्यासाठी आम्ही पहाटे चारच्या सुमारास बेळगावहून निघालो. जीपच्या मागच्या भागात पूजेचे साहित्य, नैवेद्याची भांडी आणि सात-आठ माणसे होती. मागे भार झाला की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि त्याबरोबर दिव्यांचे झोतही वर उठतात, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. जांबोटीच्या अलीकडे झिमझिम पाऊस होता. समोरून एक वृद्ध शेतकरी सायकलवर दुधाची किटली अडकवून डेअरीकडे चालला होता. आमची जीप त्याच्यापासून दूरच होती, तिचा धक्काही त्यास लागला नाही. पण तो सायकलीसह रस्त्याच्या कडेच्या चरात कोसळला. आम्ही उतरून त्यास उचलले. दूध सांडून चिखलात मिसळले होते आणि त्याचे मनगट वाकडे झाले होते. त्याने आम्हांस दोष दिला नाही. तो एवढेच म्हणाला, “दिव्याच्या मागं गाडी हाय का काय हाय, रस्ता कुठं हाय, कायबी दिसंना बघा.”

त्यास आम्ही रुग्णालयात नेले, उपचाराचा खर्च संस्थेने केला आणि पुढेही त्याच्या घरी जाऊन येत राहिलो. हाड जुळून आले, परंतु मनगट पूर्वीसारखे वळत नाही. दूध काढण्याचे काम आता त्याची सून करते.

पुढील सभेत अपराध कोणाचा, यावर पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणाले चालकाचा. पण त्याने तर आधीच सूचना दिली होती. कोणी म्हणाले देणगीदाराचा. पण त्याच्या हेतूत खोट काढणे अशक्य होते. कोणी दैवाकडे बोट दाखविले. अखेर आमच्यातील एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, “तो माणूस जेथे होता, तेथे आपण एकदा उभे राहून पाहू या.” त्याच रात्री देवालयाच्या प्रांगणात जीप उभी करून दिवे लावण्यात आले आणि आम्ही एकेक जण दहा-बारा पावलांवर तिच्यासमोर जाऊन उभे राहिलो. पन्नास वर्षे ज्या दीपमाळेला आम्ही प्रदक्षिणा घातली, ती आम्हांस दिसेना. कळस दिसेना. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसेना. दिवे मालविल्यावरही डोळ्यांसमोर निळे गोळे तरंगत राहिले. जीपमध्ये बसून याच दिव्यांकडे आम्ही कित्येकदा कौतुकाने पाहिले होते. समोर उभे राहून मात्र एकदाही पाहिले नव्हते.

आमच्या मते सगळा प्रश्न येथे येऊन ठेपतो. दिव्याचा धनी दिव्याच्या मागे बसतो. त्याला दिसतो तो उजळलेला रस्ता. दिवा कधीच दिसत नाही. म्हणून आपला दिवा कसा आहे, हे मागे बसून कोणालाही कळू शकत नाही, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो. हेतू शुद्ध असणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या कृतीचा दुसऱ्या टोकाला काय परिणाम होतो, हे तेथे जाऊन पाहण्याचे कष्टही कर्तव्यातच मोडतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात आत्मौपम्याची दृष्टी सांगितली आहे. ती मनात बाळगण्याची केवळ भावना आहे, असे आपण समजतो. त्या रात्री आम्हांस वाटले की, ती आधी पायांनी चालून जाण्याची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या जागी जाऊन उभे राहिल्यावाचून त्याचे सुखदुःख आपल्यासारखे कसे कळणार?

आश्चर्य असे की, मोटारीच्या कायद्यानेही हीच दृष्टी घेतली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम दिव्यांच्या झोताविषयी आहे. दिवा किती सुंदर असावा, किंवा चालकास किती दूरचे दिसावे, याविषयी तो बोलत नाही. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या कोणत्याही व्यक्तीस दिपवणार नाही इतका झोत खाली वळविलेला असावा, असे तो सांगतो. दीड मीटर म्हणजे साधारणपणे रस्त्याने चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या डोळ्याची उंची. ती व्यक्ती श्रीमंत की गरीब, तरुण की वृद्ध, मोटारीत की पायी, हे नियमाने विचारलेले नाही. डोळा असला म्हणजे पुरे. रुक्ष भासणाऱ्या या आकड्यांत आम्हांस धर्मशास्त्राचाच एक अंश दिसतो.

रंगाचा आणखी एक विचार आहे, आणि तो सत्याचा आहे. रस्त्यावरील दिव्यांचे रंग ही एक भाषा आहे. काळोखात समोर पांढरा किंवा पिवळसर दिवा दिसला म्हणजे वाहन आपल्याकडे येत आहे, आणि तांबडा दिसला म्हणजे ते आपल्यापुढे चालले आहे, एवढे लहान मुलासही समजते. नारिंगी दिव्याची उघडझाप म्हणजे वळण्याची सूचना. वाहनाच्या पुढे तांबडा आणि मागे तांबड्याखेरीज दुसरा प्रकाश साधारणपणे असू नये, असा नियम याचसाठी केलेला आहे. लुकलुकणारे निळे-तांबडे दिवे रुग्णवाहिका, पोलीस, अग्निशामक दल यांच्यासारख्यांसाठी आहेत. ते पाहून लोक वाट सोडतात. ही भाषा कोणा एकाच्या मालकीची नाही. जो मागच्या दिव्यावर धुरकट थर चढवितो, तो ‘मी थांबत आहे’ हे वाक्य तोंडातल्या तोंडात बोलतो. आणि जो हौसेने निळा दिवा लुकलुकवितो, तो जे नाही ते आहे म्हणून सांगतो. बोलताना असत्य टाळणाऱ्याने दिव्यानेही असत्य बोलू नये.

आता तरुणांचे आक्षेप पाहू. पहिला असा की, प्रखर दिव्याने मला दूरचे दिसते, म्हणून अपघात टळतो. यात थोडे तथ्य आहे. परंतु रस्त्यावर आपण एकटे नसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोरच्या चालकाचे डोळे तीन सेकंद दिपले, तर तो जवळजवळ ५० मीटर अंतर आंधळ्यासारखा येतो, आणि तो येतो आपल्याच दिशेने. दुसऱ्यास आंधळे करून आपण सुरक्षित होत नाही. त्यातून तो वृद्ध असेल, मोतीबिंदूचा प्रारंभ झालेला असेल, तर डोळ्यातील गढूळ भिंगात प्रकाश अधिकच पसरतो आणि दृष्टी पूर्ववत् व्हावयास तरुणापेक्षा अधिक वेळ लागतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. “समोरचे सगळेच असे दिवे लावतात, मग मीच काय म्हणून मंद दिव्याने जाऊ?” या प्रश्नात दुःख आहे, हे आम्ही मान्य करतो. रात्री महामार्गावर नियमाने जाणाऱ्यास आज खरोखरच त्रास होतो. परंतु समोरच्याने आपले डोळे दिपविले म्हणून आपण मागून येणाऱ्या तिसऱ्याचे दिपवावे, ही परतफेड चुकीच्या घरी जाते. आषाढीस बेळगाव-खानापूरकडून पंढरपुरास पायी जाणाऱ्या दिंड्या पहाटेच्या काळोखात रस्त्याच्या कडेने चालत असतात. त्यांच्यापाशी मोटार नाही, प्रखर दिवा नाही. त्यांना परतफेड करता येत नाही. ज्यास उलट उत्तर देण्याचे साधन नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, हीच आपल्या धर्मबुद्धीची खरी कसोटी होय.

शोभेची आवड वाईट आहे, असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. गाडीवर सुंदर रंग द्यावा, आत देवाची मूर्ती ठेवावी, आसनांस चांगली वस्त्रे घालावीत. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु दिवा ही वस्तूच वेगळी. तो आपल्या गाडीवर असला तरी त्याचा प्रकाश आपल्या गाडीवर राहत नाही. तो जाऊन पडतो दुसऱ्यावर. दिव्याची मालकी आपली, पण प्रकाशाची तशी मालकी कोणालाच सांगता येणार नाही. आपल्या गाभाऱ्यात पाहा. समई देवाच्या दोन्ही बाजूंस ठेवतात, भक्ताच्या आणि देवाच्या मध्ये ठेवीत नाहीत. ज्योतीकडे लक्ष न जाता मुखाचे दर्शन व्हावे, अशीच तिची मांडणी असते. आरतीचे तबक भक्तांत फिरते, तेव्हाही पुजारी ते कोणाच्या डोळ्यांपुढे धरीत नाही. खाली धरतो, आणि आपण वाकून हात फिरवितो. आपल्या पूर्वजांनी दिवा कोठे ठेवावा, याचा हा विचार कोणताही नियम छापण्यापूर्वीच केलेला होता.

त्या दोन दिव्यांचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. आम्ही देणगीदारांकडे गेलो तेव्हा मनात संकोच होता. सर्व ऐकून घेतल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, “देवाला दिले, म्हणून ते कोणाला लागेल हे मी पाहिलेच नाही.” दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन त्यांनी ते दिवे काढविले. त्या वृद्ध शेतकऱ्याच्या घरी ते आमच्याआधी जाऊन आले होते, हे आम्हांस मागाहून कळले. देवाला दिलेली वस्तू कोणालाच लागणार नाही, असे आम्हीही गृहीत धरले होते; आणि चालकाने सांगितल्यावरही ऐकले नाही, हा आमचा अपराध त्यांच्यापेक्षा मोठा होता. दोन वर्षांपूर्वी छापलेल्या आभारांबरोबर ही कबुलीही याच पत्रिकेत छापली जावी, असे आम्हांस वाटले.

तेव्हा त्या तरुण सभासदास आमचे उत्तर असे. बाबा रे, पापपुण्याचा निवाडा आम्ही करीत नाही. एका रात्री आपली गाडी अंगणात उभी कर, दिवे लाव आणि दहा-बारा पावलांवर जाऊन उभा राहा. मग घरातील आजीस हात धरून तेथे आण आणि तिला काय दिसते, ते विचार. तिला तुझा चेहरा दिसला तर तुझ्या दिव्याचा रंग कोणताही असो, आमची तक्रार नाही. बाकीचे कायदा पाहून घेईल. तिने डोळ्यांवर हात धरला, तर मात्र तुला दुसऱ्या कोणाचे उत्तर ऐकण्याची गरज राहणार नाही.

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या सायंकाळी देवालयाच्या मागील सपाट भिंतीपासून ८ मीटरवर खडूची रेघ आखण्यात येईल. आपली गाडी नेहमीइतकी माणसे बसवून त्या रेघेवर उभी करावी, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने दाखवावी आणि डिपर लावून पाहावे. झोताची वरची कड त्या खुणेच्या किंचित खाली राहिली, म्हणजे दिवा ठीक. वर गेली, तर मेकॅनिककडून तो खाली करून घ्यावा. ज्या गाड्यांत झोत खालीवर करण्याची फिरकी आहे, त्यांनी भार असताना ती वापरावी. दिव्याच्या काचेवरील फिल्म काढण्यासाठी कोमट पाणी व मऊ फडके तेथे ठेवलेले असेल. संस्थेची जीप सर्वांत आधी त्या रेघेवर उभी राहील. सभासद कुटुंबांनी आपापल्या वाहनांसह यावे आणि वडीलधाऱ्यांस बरोबर आणावे, ही नम्र विनंती.